घागरभर पाण्याखाली सुगंधाबाई

माझ्या सासूबाई, सुगंधाबाई, म्हणजे बिलकुल हेकट बाई. पण त्या हेकटपणावरच आमचा माग टिकला, हे कबूल करावंच लागतं बाई!

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. वडीगोद्रीला आम्ही लोकरीच्या घोंगड्या विणायचो अन अंबडच्या बाजारात विकायचो. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, सूत काढायच्या, आमचे मालक, म्हणजे त्यांचा लेक, मागावर बसायचे अन मी चिंचोक्याची खळ शिजवून घोंगडीला लावायचे. त्या खळीनं घोंगडीतून पाणी उतरत न्हाई. मंग एका साली जालन्याहून गिरणीची कांबळी आली. मऊ, रंगीत, सस्ती. आमचं गिऱ्हाईक तिकडं पळालं.

मालकांनी शक्कल लढवली. लोकर कमी, वीण पातळ, खळीला फाटा. भाव उतरला, पण घेणारे आखाडात चिंब भिजले अन दारात येऊन आमचा उद्धार करून गेले. मालक खचले. "माग मोडतो, जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला जातो," म्हणाले. गाठोडंसुद्धा बांधलं. मला तर रडूच फुटलं.

"एक बाजार थांब, इंद्रभान," आत्याबाई म्हणाल्या. "घरात पांघरणारा घेईना का गिरणीचं! त्याच्यामागं कशाला पळून राह्यलास? आपलं गिऱ्हाईक रानात भिजतं. त्याच्याकडं चल."

मालकांनी नाराजीनंच एक घोंगडी जुन्या रीतीनं घट्ट विणली. मी दोनदा खळ दिली.

बाजारच्या दिवशी आत्याबाईंनी कापडाची ओळ सोडून थेट मेंढ्यांच्या बाजारात ठाण मांडलं. चार मेंढक्यांना घोंगडीचे चार कोपरे धरायला दिले, मधी घागरभर पाणी ओतायला लावलं अन खुशाल खाली जाऊन बसल्या! बाजूला चिलीम ओढणाऱ्या एका मेंढक्याला म्हणाल्या,

"भुजंगा, तुझी चिलीम संपेस्तोवर एक थेंब पडला, तर घोंगडी तुला फुकट!"

मालक घामाघूम. माझा जीव टांगणीला. अन तो भुजंग मेंढका, लेकाचा, मुद्दाम हळूहळू ओढत होता!

चिलीम संपली. आत्याबाई पदर झटकत बाहेर आल्या. पदर कोरडा ठणठणीत! भुजंगानं ती घोंगडी तिथंच पैसे मोजून उचलली अन बाकीच्यांनी पुढच्या चार बाजारांसाठी आपापली सांगून ठेवली.

घरी येऊन मालकांनी गाठोडं सोडलं. ते त्या पातळ घोंगडीतच बांधलं होतं. आत्याबाईंनी ती माझ्याकडं फेकली.

"घे. खळ गाळायला हिच्यासारखी दुसरी न्हाई."

मालक इतक्या दिवसांनी खदखदून हसले अन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. मी चिंचोके भिजत घातले.