सरांनी दाबून बघितलेला गुडघा

खेळाच्या सरांनी बुटाच्या टोकानं माझा गुडघा दाबला.

पालघरच्या कॉलेजच्या मैदानात मी खो-खोच्या खांबापाशी बसले होते. आदल्या दिवशी सरावात सूर मारताना गुडघा पिरगळला होता. सुजून टम्म झालेला. सगळ्या पोरी बघत होत्या. मी हूं की चूं केलं नाही.

"बघा, काही नाही," सर म्हणाले. "डोंगरातल्या पोरी ह्या. ह्यांना दुखतबिखत नाही. बांध फडकं आणि उतर सामन्याला."

पोरी हसल्या. मीही हसले.

आमच्या पाड्यावर मोठ्या माणसापुढे दुखणं बोलायची रीत नाही. मोळी आणताना पायात खुंट घुसला तरी आई म्हणायची, "दुखणं बोललं का वाढतं." म्हणून मी गप्प. त्या गप्प बसण्याचा अर्थ सरांनी परस्पर लावून टाकला.

त्याच आठवड्यात आमच्या संघातल्या तन्वीचा घोटा मुरगळला. तिचे वडील बोईसरच्या एका कारखान्यात मोठे साहेब. ती मोठ्यानं रडली. बर्फ आला, गाडी आली, सर स्वतः गाडीचं दार धरून उभे. तन्वीवर माझा राग नाही. दुखलं की रडावं, एवढं तिला घरात कुणीतरी शिकवलं होतं.

मी मात्र त्या दिवशी फडकं बांधून सामना खेळले. गुडघ्यात काहीतरी तुटलं. मला ते ऐकू आलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खूप दुखतं का?" मी खाली बघितलं. आईच बोलली, "नाय दुखत तिला." तिनं स्वतःच्या दुखण्याचंही जन्मभर हेच केलं होतं. मला तिथं रडू आलं, ते तिच्यासाठी.

पुढच्या वर्षी बक्षीस समारंभ होता. सर माईकवर होते. "खेळाडू स्वभावानं घडतो. तन्वी लढाऊ. दुखापतीतून उठली, पुन्हा खेळली. काही मुली मुळातच कच्च्या. पडल्या की पडल्या." आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठले.

"सर, मला दुखत होतं."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"तुमी इचारलं नाय. तुमी बुटानं दाबलं."

"खाली बस!"

मी बसले नाही. सगळ्यांच्या समोरून बाहेर पडले.

गुडघा पहिल्यासारखा झाला नाही. भातलावणीला वाकता येत नाही, उतारावर आईला माझा हात धरावा लागतो. पोरी खेळताना दिसल्या की मी रस्ता बदलते. फार वाईट वाटतं.

पण कच्ची मी नव्हते. मला गप्प राहायला शिकवलं होतं, आणि ते दुसऱ्यांच्या सोयीचं होतं.

आता धाकटी बहीण त्याच सरांच्या हाताखाली खेळते. तिला सांगून ठेवलंय, दुखलं की तिथंच थांब. मोठ्यानं सांग. संघातून काढतील. काढू देत. मग प्राचार्यांच्या दारात मी जाईन, तिथं नाही ऐकलं तर त्यांच्या वरच्याच्या दारात. लंगडत जाईन. पण जाईन.