दोन गाड्यांचं मराठी भाषांतर

इंग्रजी येणं हा गुन्हा असू शकतो, हे प्रसेनजीत शिंगे सरांना वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट होता. हेडमास्तरांनी त्यांना नववीच्या वर्गातून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बापूंचं काम आहे. इंग्रजीचंच आहे. उद्या रविवार, फौंड्रीवर जाऊन या."

बापू म्हणजे पृथ्वीराज इंगवले, फौंड्रीचे मालक आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. जमेल का, असं हेडमास्तरांनी विचारलंच नाही.

सरांचे वडील शाहूपुरीत मालधक्क्यावर हमाली करायचे. छप्पन्न साली त्यांनी धर्म बदलला आणि दोन वर्षांनी झालेल्या मुलाचं नाव बुद्धाच्या काळातल्या राजावरून हौसेनं प्रसेनजीत ठेवलं. या पोरानं इंग्रजी शिकावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. पोरगा एम.ए. झाला. मग गल्लीतले लोक कोर्टाचे कागद, नोकरीचे अर्ज, परगावाहून आलेल्या तारा घेऊन दारात येऊ लागले. सर कुणालाच परत पाठवत नसत. पण मोटारगाडी हा विषय त्या दारात कधी आला नव्हता. सर स्वतः सायकलवर फिरायचे. बायको संघप्रिया पोस्टात होती, ती लुनावर.

फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये बापूंनी दोन गाड्यांवरच्या चादरी ओढल्या. एक जॅग्वार एक्सजेएस, लांबलचक, जमिनीला पोट लावून बसलेली. बापूंचे डॉक्टर मेहुणे विलायतेहून कायमचे परत आले तेव्हा बरोबर घेऊन आले होते. वर्षभरात मेहुणे कंटाळून परत गेले, गाडी इथंच राहिली. दुसरी जेन्सन इंटरसेप्टर, जुनी, मागं भलीमोठी बाकदार काच असलेली. ती बापूंनी मुंबईच्या एका पारशी बाईंकडून हट्टानं आणली होती.

"ह्यास्नी ग्रँड टूरर म्हणत्यात. म्हंजी काय वो सर?"

"लांबच्या प्रवासाला वेगानं आणि आरामात जायची गाडी."

"बगा! किती सोपं केलं!" बापू खूश झाले आणि त्यांनी दोन जाडजूड पुस्तकं सरांच्या हातात ठेवली. "ही दोघींची दुरुस्तीची पुस्तकं. आकारामला इंग्लिश येत न्हाय. तुमी सगळं मराठीत लिवून द्या. आणि हे करता करता एक वही घाला. एका बाजूला जॅग्वार, एका बाजूला जेन्सन. कुणाचं काय चांगलं, ते लिवत चला."

आकाराम मिस्त्री बापूंचा जुना माणूस. तो कोपऱ्यात हात पुसत उभा होता. सरांकडं पाहून त्यानं मान हलवली. त्यात स्वागत होतं की सहानुभूती, सरांना कळलं नाही.

भाषांतराच्या पहिल्याच आठवड्यात सरांची झोप उडाली. शब्दकोशात बूट म्हणजे पायातला, डिकी नव्हे; विंग म्हणजे पंख, मडगार्ड नव्हे; आणि चोक म्हणजे गुदमरणे. "थंड इंजिन गुदमरवून सुरू करावे," असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाक्य वाचून सरांनी पेन खाली ठेवलं. संघप्रिया पोस्टातून आली तेव्हा नवरा डोकं धरून बसला होता.

"अहो, मिस्त्रीला विचारा की," ती म्हणाली.

आकारामला विचारणं हा आणखी वेगळा ताप होता. सर दर रविवारी पंधरा-वीस पानं घेऊन जायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. आकाराम शांतपणे ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "व्हय, त्ये ठावं हाय." एकदा गिअरबॉक्स सोडवायची चौदा पानं सरांनी घसा कोरडा होईपर्यंत वाचली. जोडणीचा मथळा आला. त्याखाली एकच ओळ होती, वरील कृती उलट क्रमाने करावी.

"एवढंच?" आकाराम म्हणाला.

"एवढंच."

"म्हंजी ज्यानं लिवलंय, त्यो बी कटाळला हुता की."

त्यात बापूंची तुलना. जॅग्वारला बारा सिलिंडर, जेन्सनला आठ, मग जेन्सन कमी का? पण आठाचं इंजिन मोठं, मग जॅग्वार कमी का? जेन्सनची बॉडी इंग्लंडची, पण इंजिन अमेरिकेचं, मग तिला इंग्लिश म्हणायचं का? हा प्रश्न बापूंनी सरांना शाळेच्या स्नेहसंमेलनात, व्यासपीठावर, पाहुण्यांचं भाषण चालू असताना कानात विचारला. सर म्हणाले, "बापू, नंतर." बापू म्हणाले, "न्हाय, पर तुमचं मत काय?" सरांचं मत असं होतं की दोन्ही गाड्या पंचगंगेत ढकलाव्यात. ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, दोन्ही पुस्तकं मराठीत झाली. आकारामनं गाड्या चालत्या केल्या. बापूंनी जाहीर केलं की आता खरी परीक्षा गगनबावड्याच्या रस्त्यावर. जॅग्वार स्वतः चालवणार, मागं आकाराम जेन्सन घेऊन येणार, येताना अदलाबदल. सरांनी दोन्ही वेळा बापूंच्या शेजारी बसून वहीत मार्क लिहायचे.

"आणि आकाराम," बापूंनी आदल्या दिवशी बजावलं, "ह्या खेपंला तुझं डोस्कं चालवायचं न्हाय. सरांनी जे लिवलंय, त्येच करायचं."

कळे गाव सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. सीट लोण्यासारखी होती हे सरांना मनातून कबूल करावं लागलं. फक्त वळणावर वहीत खाली पाहून लिहिलं की पोटात ढवळत होतं. "आवाजाला किती मार्क?" बापू विचारायचे. "सात." "सातच? बारा सिलिंडर हायती!" "आठ." साळवणच्या पुढं चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. सरांनी तो पाहिला, पण त्या काट्यालाही मार्क द्यावे लागतील या भीतीनं ते गप्प राहिले. दहा मिनिटांत बॉनेटखालून वाफा फुसफुसत बाहेर आल्या. बापूंनी गाडी एका आंब्याखाली कशीबशी थांबवली.

मागून जेन्सन आली. आकारामनं बॉनेट उघडलं, लांबूनच वाकून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "हवा अडकलीया आत. पाणी फिरलंच न्हाय."

"हवा काढली न्हाईस काय?" बापू गरजले.

"काढली की! पुस्तकात हाय तशी. पाणी भरताना जवळच्या बाजूचा बोल्ट ढिला करा, म्हणून लिवलंय. डायवरच्या जवळची बाजू म्हंजी उजवी. मी उजवीकडचा केला. मला शंका आलती, डावीकडचा असंल म्हणून. पर तुमीच म्हणालात, डोस्कं चालवायचं न्हाय."

मूळ पुस्तक मागच्या सीटवर होतं. सरांनी ते उघडलं. शब्द होता निअरसाइड. त्यांनी तो आपल्या अकलेनं 'जवळची बाजू' केला होता. ते पानं उलटत सुरुवातीला गेले. बापूंच्या घाईमुळं त्यांनी प्रस्तावनेची चार पानं सोडून दिली होती. तिथं स्वच्छ छापलं होतं, की निअरसाइड म्हणजे चालकाच्या जागेवर बसलं असता डावी बाजू, रस्त्याच्या कडेची.

वर्गात टिपा न वाचणाऱ्या मुलांवर पंधरा-सोळा वर्षं डाफरलेला माणूस, एम.ए. इंग्रजी, आंब्याखाली पुस्तक घेऊन उभा होता. क्षणभर त्यांना वाटलं, काही बोलू नये. छापण्यातली चूक म्हणावं, सुटावं. पण आकाराम त्यांच्याकडं पाहत होता आणि शिव्या तोच खाणार होता.

"बापू, चूक माझी आहे. मिस्त्रीची नाही, गाडीची तर नाहीच. मी शब्दाचा अर्थ चुकवला."

बापूंनी वाफाळत्या बॉनेटकडं पाहिलं. एक एसटी धूळ उडवत गेली. मग ते गंभीरपणे म्हणाले, "मग जॅग्वारचं मार्क कापू नका. तुमचं कापा."

सरांना संताप आवरेना. दोन वर्षांचे रविवार, पोटातली ढवळ, स्वतःचीच लाज, सगळं एकदम वर आलं. "कापा! सगळे कापा!" ते ओरडले. "शून्य द्या मला! पण मला पुन्हा विचारू नका कुठली चांगली! दोन्ही चांगल्या आहेत, दोन्ही माझ्या जिवावर उठल्यात!"

अध्यक्षांवर ओरडणारा मास्तर आकारामनं पहिल्यांदाच पाहिला. बापूंनीही. पण बापू चिडले नाहीत. ते जेन्सनच्या बॉनेटला टेकले आणि एवढंच म्हणाले, "विचारायला दुसरं कोण हाय मला? घरात विचारलं की सगळी उठून जात्यात."

इंजिन निवल्यावर आकारामनं डावीकडचा बोल्ट ढिला करून हवा काढली. गगनबावडा राहून गेला. सरांनी जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत दोन्ही हस्तलिखितं पहिल्यापासून तपासली. ती बाजू जॅग्वारच्या पुस्तकात एकसष्ट ठिकाणी चुकली होती. नशीब, आकारामनं त्यातल्या साठ ठिकाणी पुस्तकाकडं दुर्लक्ष केलं होतं.

दोन हजार चार साली बापूंनी जेन्सन पुण्याच्या एका हौशी माणसाला दिली. गुडघे दुखू लागले होते, दोघींकडं बघणं होत नव्हतं. पुण्याच्या मिस्त्रीलाही इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सरांचं हस्तलिखितही गाडीबरोबर गेलं. त्या संध्याकाळी बापू जॅग्वार घेऊन सरांच्या गल्लीत आले. गल्ली अरुंद, गाडी रुंद. ती निम्म्यातच अडकली आणि शेजारच्या चिमणाबाईंनी त्यांना मोकळ्या आवाजात सुनावलं. बापू आत आले, चहा घेतला, आणि कुठल्याही गाडीबद्दल एक शब्द न बोलता तासभर बसून राहिले. ही शांतता सरांना त्या सगळ्या प्रश्नांपेक्षा असह्य झाली.

"बापू," शेवटी तेच वैतागून म्हणाले, "चढाला जेन्सन बरी होती. पण सीट जॅग्वारची."

"सीटचं मान्य," बापू सावरून बसले. "पर चढाचं कसं काय म्हणता वो?"

आणि संघप्रियानं पुन्हा चहाचं आधण ठेवलं.