उसाच्या कडेला कोण आहे?

नवऱ्यावर संशय घ्यायला मला फार कारण लागत नाही. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघते, तर हे कसले सुटतात! पण त्या हिवाळ्यात कारण होतं. नागापूरच्या कारखान्यातून हे निवृत्त झाले आणि आम्ही राहुरीकडच्या आमच्या वस्तीवर राहायला आलो. साखरेसाठी चाला म्हणून डॉक्टरांनी घसा कोरडा केला तरी खाटेवरून न हलणारा हा माणूस एकाएकी रोज दिवेलागणीला केस विंचरून बाहेर पडू लागला. कुठे म्हणून विचारलं, तर "जरा पाय मोकळे करतो" एवढंच.

आमच्याकडे त्या वेळी उसाच्या कडेने कुणी मुकाट्याने जात नाही. उसात बिबट्या असतो. मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, काठी आपटत चालायचं आणि काही झालं तरी खाली बसायचं नाही; बसलेला माणूस त्याला वासरू वाटतो. हे घरातून गाणी लावूनच निघत, पण पाटाच्या वळणावर गेले की गाणं बंद. मी अंगणातून कान देऊन ऐकायची. पाटापलीकडे शिवणकाम करणारी एक बाई एकटी राहते. जीव धोक्यात घालून जो गाणं बंद करतो, त्याला नक्कीच काहीतरी लपवायचं असतं. मला अन्न गोड लागेना.

एका संध्याकाळी काठी घेऊन मागे गेले. आमचं कुत्रंही आलं. बघते तर हे उसाच्या अगदी कडेला उकिडवे बसलेले, कानात इअरफोन, आणि तोंडाने लाडीगोडी चाललेली.

"ये, ये गं माझी बाई. घाबरू नगं."

मी काठी उगारली. पुढे झाले तर समोर कुणीच नाही. हातात मोबाईल, आणि पडद्यावर समोरच्याच बांधावर बसलेला, पानांसारख्या कानांचा एक केसाळ प्राणी.

ते लाजले. असं लाजलेलं मी त्यांना साखरपुड्यातही पाहिलं नव्हतं. चालणं व्हावं म्हणून लेकीने हा चित्रविचित्र जनावरं पकडायचा खेळ मोबाईलवर घालून दिला होता. या वयात पोरांचा खेळ खेळतो, हे बायकोला सांगायचं कसं?

"ही बारकी लई भित्री," ते म्हणाले. "यांना खानारा एक मोठा हाय. तो आला की ही समदी गुल होत्यात. तेवढा एकच धरायचा राह्यलाय." गाणं का बंद, तर त्या मोठ्याच्या पावलांचा आवाज कानात येतो म्हणे.

तेवढ्यात पडदा रिकामा झाला.

"आला! हलू नगं," ते कुजबुजले, अजून बसलेलेच.

मी मागे पाहिलं. कुत्रं नव्हतं. मघापासून ओरडणारी टिटवी गप्प झाली होती. वारा नसताना उसाची पानं हलली, थांबली, आणि पुन्हा जरा अलीकडे हलली.

मी कॉलर धरून त्यांना उभं केलं, काठी आपटली आणि ओरडले. काय ओरडावं सुचेना. इतके दिवस मनात साठवलेलंच बाहेर पडलं. "कोन हाय ती भवानी? ये की भाईर! माज्या नवऱ्याला हात तर लावून दाखव!"

अख्ख्या शिवाराने ऐकलं. पाटापलीकडे दिवा लागला. उसातून काहीतरी जड, पानं मोडत लांब पळत गेलं.

कुत्रं घरी खाटेखाली सापडलं. सकाळी आम्ही दोघं बांधावर गेलो. ओल्या मातीत ठसे होते. शेवटचा ठसा, ते बसले होते तिथून काठीभर अंतरावर.

"तू आली नसती तर?" ते म्हणाले. मला रडूच आलं.

शिवणकामवाली अजून माझ्याशी धड बोलत नाही. खेळ काही सुटला नाही. आता मी बरोबर जाते. ते गाणं चालू ठेवून, उभ्यानेच, मोबाईल डोळ्यांसमोर धरून खेळतात. मी उसाकडे बघत असते. माझा त्याच्यावर काडीचा भरवसा नाही. पडद्यावरची बारकी जनावरं गुल झाली, की ते मोबाईल खिशात टाकतात आणि माझा हात धरतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उघड्यावर कधी धरला नव्हता.