तिच्या मिश्रीनं काही झालं नव्हतं

घरच्या घरी दात पांढरे करायची डबी मिळते, ती खरंच काम करते का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, करते. माझ्या दातांवर केलं. माझ्या मुलीच्या दातांवर केलं नाही. का केलं नाही हे मला ती डबी घरात यायच्या तीस वर्षं आधीपासून माहीत होतं. तेवढंच लिहायचं आहे.

मी तेरमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर उस्मानाबादहून, म्हणजे आताच्या धाराशिवहून, आठवड्यातले चार दिवस यायचे. उरलेल्या तीन दिवसांत लोक माझ्याकडं यायचे आणि मलाच डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला मी नको म्हणायचो, मग म्हणणं सोडून दिलं. ताप, जुलाब, खरूज, सगळ्याला माझ्याकडं एक पुडी असायची आणि बहुतेक लोक बरे व्हायचे. ते आपोआप बरे होत असावेत, पण श्रेय मला मिळायचं.

मुलगी वर्षाची झाली तसा तिला खोकला लागला. हिवाळा आला की छाती घरघरायची. दवाखान्यात पिवळी पूड भरलेल्या कॅप्सूल असायच्या, टेट्रासायक्लिनच्या. मोठ्यांच्या होत्या. मी एक कॅप्सूल उघडायचो, कागदावर पूड पसरायचो, चाकूच्या पात्यानं तिचे चार भाग करायचो आणि चार पुड्या बांधायचो. औषध कडू. मधात कालवून बोटानं चाटवलं तरी पोरगी थुंकायची. मग मी तिचं नाक दाबायचो, तोंड उघडलं की बोट आत. बायको तिचे पाय धरून बसलेली असायची. एकदा ती म्हणाली, "अहो, डॉक्टरसायबाला इचारा की येकदा."

"त्यांना काय विचारायचं? रोज मीच देतो."

असे चार-पाच हिवाळे गेले. खोकला गेला. पुढं दुधाचे दात पडून पक्के दात आले तेव्हा समोरच्या दातांवर आडवे पट्टे होते. आधी पिवळट, मग वर्षागणिक मातकट, करडे. कडुनिंबाची काडी झाली, मीठ झालं, कोळशाची पूड झाली. पोरगी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची.

ती आठ वर्षांची असताना काही कारणानं दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तिला 'आ' करायला सांगितलं आणि बराच वेळ बघत राहिले. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "लहानपणी हिला टेट्रासायक्लिन दिलंत?" मी मान हलवली. "एवढ्या लहान लेकरांना देत नसतात ते. दात आत तयार होत असतात, त्यात जाऊन बसतं. आता घासून निघायचं नाही." मग त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. ते वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण घरी आली होती. दुपारी ओसरीवर बसून बायका बोलत होत्या. पोरगी हसली तसं आक्कानं तिची हनुवटी धरून दात बघितले आणि माझ्या बायकोला म्हणाली, "तुझ्या मिश्रीचा परताप हाय ह्यो. पोटुशी असताना बी सुटली न्हाय तुझी."

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना लावायची, ती मिश्री. आमच्याकडच्या कितीतरी बायका लावतात. आक्का स्वतः लावायची, माझी आई लावायची. पण आक्काचं म्हणणं, आम्ही दिवस गेले की बंद करायचो, हिनं नाही केली. बायको म्हणाली, "मिश्री आईच्या दाताला, डाग लेकीला कसा येईल?"

आक्का माझ्याकडं वळली. "तू सांग रं. तू डॉक्टर माणूस."

मला खरं काय ते चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. ते सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आपल्याच लेकराचे दात ज्यानं घालवले त्याच्याकडून पुडी कोण नेणार? हे सगळं मी तेव्हा नीट विचार करून ठरवलं असं नाही. तोंडातून आलं ते असं, "मिश्रीनंच झालं असंल."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला संशय आला नव्हता. माझ्या शब्दावर गाव औषध घ्यायचं, तिनंही तो घेतला. उठली, कोनाड्यातली मिश्रीची डबी काढली आणि चुलीत रिकामी केली. घरभर धूर झाला, सगळे खोकायला लागले. आक्का डोळे पुसत म्हणाली, "आता जाळून काय व्हतंय गं? पोरगी जन्मून आठ वर्सं झाली."

त्या दिवसानंतर बायकोनं मिश्रीला बोट लावलं नाही. पहिले काही महिने तिचं डोकं इतकं दुखायचं की ती कपाळाला पदर करकचून बांधून भाकऱ्या थापायची. मी तिला डोकेदुखीची गोळी द्यायचो.

मुलगी शिकली, डी.एड. झाली. बघायला पाहुणे येऊ लागले. मुलगी तोंड मिटून पोहे घेऊन यायची, प्रश्नांना उत्तर देताना वरचा ओठ खाली ओढून धरायची. मग कुणाच्या तरी लक्षात यायचंच. असं झालं की माझी बायको आतून बाहेर यायची, पाहुण्यांसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "पोरीची चूक न्हाय. दात घट्ट हायत तिचे, किडके न्हायत. माझ्या मिश्रीचा डाग हाय त्यो. चूक माझी." प्रत्येक वेळी हेच, याच शब्दांत. मी शेजारी बसून सुपारी कातरत असायचो.

भूमहून एक स्थळ आलं होतं. मुलाची मावशी बोलायला पटाईत होती. बायकोचं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग ही मिश्री नातवंडापर्यंत पुरंल म्हणायची." सगळे हसले. माझ्याही तोंडावर हसू आलं, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून.

ते गेल्यावर मुलगी आईला म्हणाली, "आई, तुझी मिश्री माझ्या तोंडात आहे. मरेपर्यंत राहील."

बायको म्हणाली, "व्हय गं." एवढंच.

त्यानंतर मुलीनं पाहुणे बंद केले. शाळेत नोकरी लागली, आम्ही तिघं धाराशिवला राहायला आलो. वर्गात शिकवताना तिचा हात तोंडावर असायचा, तसा घरातही असायचा. आईपुढं तर जास्तच. मला आधी वाटायचं ती रागानं करते. पुढं एकदा तीच बोलली, आई माझ्या दातांकडं बघते आणि जेवत नाही, म्हणून मी झाकते. आणि तरी राग होता. दोन्ही होतं.

बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "पोरीला म्हणावं, मला माफ कर. म्या म्हणले तर रडंल ती. तुमी सांगा."

त्या खाटेजवळ मी आणि ती, दोघंच होतो. सांगायला दुसरी वेळ येणार नव्हती हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "सांगतो."

आणि मी खरंच जाऊन सांगितलं. मुलगी नळावर डबा धूत होती. मी म्हणालो, आई माफी मागते आहे दातांसाठी. ती डबा धूत राहिली. मग म्हणाली, "बरं." मी परत खाटेजवळ आलो आणि बायकोला सांगितलं, पोरगी बरं म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले.

वर्षश्राद्ध झाल्यावर महिनाभरानं मुलीनं मागवलेलं पार्सल आलं, दात पांढरे करायची डबी. आत जेलच्या तीन नळ्या, दातांत धरायचा प्लास्टिकचा साचा, त्याला निळा दिवा, आणि एक लांब पट्टी. पट्टीवर दातांचे छोटे छोटे नमुने, एका टोकाला काळपट पिवळा, दुसऱ्या टोकाला शुभ्र. मी तिच्याकडं बघितलं असेल. ती म्हणाली, "कुणाला दाखवायला नाही, अप्पा. आता कोण येतंय बघायला? रोज सकाळी दात घासताना आईचा राग येतो. गेलेल्या माणसाशी रोज सकाळी उठून किती भांडायचं? हे डाग गेले की तेही जाईल."

ती आंघोळीला गेली तेव्हा मी आतला कागद चष्मा लावून वाचला. जन्मभर औषधांचे कागदच वाचले आहेत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. चहा, कॉफी, तंबाखूचे वरचे डाग कमी होतात. लहानपणी घेतलेल्या औषधांमुळे आतून आलेल्या रंगावर परिणाम होईल असं नाही. मी कागद होता तसा घडी करून ठेवला.

दहा दिवस तिनं ते केलं. सकाळी शाळेला जायच्या आधी जेल लावून, साचा दातांत धरून स्वयंपाकघराच्या खुर्चीवर बसायची. गालांतून निळा उजेड दिसायचा. बोलता यायचं नाही, लाळ गळायची, ती टॉवेलनं टिपायची. चौथ्या दिवसापासून थंड पाणी प्यायली की कळ यायची, तरी थांबली नाही. रोज पट्टी दातांना लावून आरशात बघायची. आठव्या दिवशी मलाही दिसलं. पट्ट्याच्या वरचा आणि खालचा भाग उजळला होता आणि मधला पट्टा होता तिथंच होता, आधीपेक्षा उठून.

दहाव्या दिवशी तिनं साचा ताटलीत टाकला. "फसवलं अप्पा. नकली माल आहे."

मी म्हणालो, "व्हय, नकलीच असंल."

बोललो आणि ओसरीवरची ती दुपार आठवली. तेच वाक्य, फक्त वस्तू वेगळी.

एक नळी उरली होती. मुलगी शाळेत गेली की मी ती लावायला लागलो. माझ्या दातांवर चाळीस वर्षांची तंबाखू आणि त्याहून जास्त वर्षांचा चहा होता. मला दात पांढरे करायचे नव्हते. मला ती डबी नकली निघायला हवी होती. माझ्याही दातांवर काही झालं नसतं, तर तेवढं एक वाक्य तरी खरं ठरलं असतं. साचा गरम पाण्यानं धुवायचा, दिवा लावायचा आणि खुर्चीवर बसायचं. पाचव्या दिवशी आरशात बघितलं तर पुढचे चारही दात उजळले होते. आठव्या दिवशी तर लांबूनही दिसत होते.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन आली. शेजारच्या घरात नवरा-बायको दुधावरून भांडत होते. त्या बाईनं असं काही सुनावलं की मला हसू आलं. मुलगी थांबली.

"अप्पा, पुन्हा हसा बघू."

"कशाला?"

"हसा तर."

ती आत गेली, ती पट्टी घेऊन आली आणि माझ्या दातांना लावली. एका नमुन्यावरून दुसऱ्यावर बोट नेत राहिली. मग पट्टी खाली घेतली. "तुमची एवढ्या वर्षांची तंबाखू निघाली. मग आईची मिश्री का निघत नाही?"

मी सांगितलं. कॅप्सूल, पुड्या, मध, दाबलेलं नाक, डॉक्टर काय म्हणाले ते, ओसरीवर मी काय म्हणालो ते. चहा संपेपर्यंत सगळं सांगून झालं. तीस वर्षं जे जपलं ते एवढंसं होतं.

तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"दवाखान्यात तिचा निरोप घेऊन नळावर आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ती खाली फरशीवरच बसली. म्हणाली, "मी बरं म्हणाले होते. माफ केलं असंसुद्धा म्हणाले नाही. नुसतं बरं." मग तिनं विचारलं, "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"पोरगी बरं म्हणाली, असं."

ती रडली नाही. रडली असती तर मला उठून तिच्याजवळ जाता आलं असतं.

पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषधाच्या गोळ्या काढून ठेवायची. शुक्रवारी म्हणाली, "तेरला जा. आत्याला सांगा. आई ज्यांच्यासमोर बोलली त्यातले जेवढे जिवंत आहेत त्या सगळ्यांना सांगा. ती उभी राहून सांगायची. तुम्हीही उभं राहून सांगा."

शनिवारी सकाळच्या बसनं गेलो. आक्का आता पंच्याऐंशीची आहे. उंबऱ्याशी बसून मिश्री लावत होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. ती बोट दातांवर तसंच ठेवून ऐकत होती. मग पिचकारी टाकून म्हणाली, "म्हातारपणी काय खूळ काढलंस? मिश्रीनंच झालं ते."

"आक्का, मी खोटं बोललो होतो."

"तूच सांगितलं व्हतंस की माझ्यापुढं. तू डॉक्टर माणूस, तुला कळत नव्हतं व्हय?" मग तिचा आवाज मऊ झाला. "बायको गेली की माणसाचं असंच व्हतंय बाबा. समदं आपल्याच अंगावर घ्यावं वाटतंय. लई जीव होता तुझा तिच्यावर. बस, च्या घे."

मी चहा घेतला नाही. दुपारच्या बसनं परत आलो. मुलगी भाजी निवडत होती. "काय म्हणाली आत्या?"

"ऐकत नाही. मिश्रीनंच झालं म्हणते."

"मग पुन्हा जा," ती म्हणाली. तिचा हात तोंडावर नव्हता. माझ्यासमोर आता ती झाकत नाही. मला पट्टे दिसतात.

मी आणखी दोनदा जाऊन आलो. आक्का ऐकत नाही. भूमच्या त्या मावशी वारल्या. बाकीचे म्हणतात, जाऊ द्या आता. म्हणून लिहून ठेवलं. आक्काला वाचता येत नाही. कुणीतरी हे तिला मोठ्यानं वाचून दाखवावं.