कायमची अपात्र

भरती-सुकतीच्या वेळा सांगणारी माझी एक वेबसाइट आहे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, चौलच्या घरी नुसतं बसवेना, म्हणून काढली. रेवदंड्याच्या खाडीतून होडी कधी बाहेर काढायची, काशीदच्या पाण्यात कधी उतरू नये, एवढंच तिच्यात असतं. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

साइटचा वर्षाचा खर्च सुटावा म्हणून मी एका बड्या कंपनीच्या जाहिरात योजनेत नाव घातलं. साइटवर त्यांच्या जाहिराती लावायच्या, कुणी त्यावर क्लिक केलं की मला थोडे पैसे. त्यांचे मेल इतके गोड, की लग्नाचं आमंत्रण वाटावं. एकात लिहिलं होतं, जाहिराती कुठे लावायच्या ते आमच्यावर सोपवा, आमची यंत्रणा योग्य जागा बरोबर शोधते. मी सोपवलं.

मग एका सकाळी मेल आला. माझ्या जाहिरातींवर अवैध क्लिक झाले होते, सबब खातं बंद. कायमचं. किती क्लिक, कुणी केले, कुठून केले, काही नाही. ते सांगितलं तर म्हणे त्यांच्या यंत्रणेची गुपितं फुटतात. आमच्या तालुक्याच्या कोर्टात कोंबडीचोरालासुद्धा कोंबडी कुणाची ते सांगतात.

नवऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "तूच दाबत होतीस काय गं?"

त्या दिवशी दुपारचा चहा त्याला स्वतःच करून घ्यावा लागला.

उलगडा झाला तो आमच्या मासळीवालीकडून. ती रेवदंड्याहून येते, तिच्या नवऱ्याची होडी आहे. पायरीवर पाटी उतरवली आणि म्हणाली, "बाई, तुमचा तो भरतीचा टायम चांगला हाय, पन ती क्रीमवाली पोर कशाला बसवलीव त्याच्यावर?"

"कोण पोर?"

तिने कमरेचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. भरतीच्या वेळेवर, अगदी आकड्यांवर, गोरं करणाऱ्या क्रीमची एक मुलगी हसत बसली होती. ती घालवायची फुली मोहरीएवढी. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर हीच जाहिरात कडेला सभ्यपणे उभी असायची.

"हिला दाबल्याबिगर टायम दिसत न्हाय," मासळीवाली म्हणाली.

"म्हणजे तुम्ही रोज दाबता?"

"मी एकटी कशाला? आख्खा कोळीवाडा दाबतो. आमाला वाटला, तुमी हजेरी घेताव."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग संताप. जागा यांच्या यंत्रणेने शोधलेली, मुलगी यांनी बसवलेली, आणि ओल्या बोटांनी ती बाजूला सारणारी माणसं लबाड!

दाद मागायला त्यांनी एक खिडकी ठेवली होती. तिथे मी सगळं लिहिलं, मोबाइलच्या पडद्याचा फोटोही जोडला. पेपर तपासताना मी नापास पोराचंसुद्धा उत्तर शेवटपर्यंत वाचत असे. इथे चहा उकळायच्या आत उत्तर आलं: आपल्या अर्जाचा आम्ही सखोल विचार केला आहे, निर्णय कायम आहे. खाली सही कुणाची नाही, नुसतं 'आपला चमू'. चमू म्हणजे मुळात सैन्य! सेनापतीचं नाव नाही आणि म्हणे चमू. एवढी मोठी कंपनी, पण नाव घालून 'नाही' म्हणायची छाती असलेला एक माणूस तिच्यात निघू नये?

त्याच दिवशी मी त्यांचा सगळा कोड साइटवरून उपटून काढला. पोरांच्या कॉप्या पकडण्यात जन्म गेला आणि या वयात माझ्यावर लबाडीचा शिक्का! साइट मात्र आता पटकन उघडते. खर्च मी पेन्शनीतून भरते, आणि नवरा त्यावर काही बोलत नाही, कारण त्यालाही सकाळी समुद्रावर फिरायला जायचं असतं.

पावसाळा संपल्यावर त्याच कंपनीचा पुन्हा मेल आला. तुमची वेबसाइट हजारो लोकांपर्यंत पोचू शकते, आमच्याकडे जाहिरात द्या. पैसे घ्यायला मी अपात्र, द्यायला पात्र! मी उत्तर लिहिलं, "आधी माझा गुन्हा सांगा." ते तसंच परत आलं. त्या पत्त्यावर उत्तरं स्वीकारत नाहीत.

मग मी पुढच्या महिन्याच्या वेळा भरायला घेतल्या. अमावास्येला उधाण मोठं होतं, ते लाल अक्षरांत टाकलं.