चकल्यांखालचं पत्रक

नाताळात आम्ही ख्रिस्ती लोकही शेजाऱ्यांकडे फराळ देतो, याचं अजून कित्येकांना नवल वाटतं, आणि मला त्या नवलाचा राग येतो. करंज्या काय फक्त दिवाळीच्याच असतात? त्या वर्षी राजापेठेतल्या आमच्या घरून ताटं निघाली, तेव्हा प्रत्येक ताटात चकल्यांखाली मी एक पत्रक सरकवलं. माझ्या विश्वासाबद्दल कुणी विचारलंच, तर उत्तर छापून तयार!

संध्याकाळी शेजारच्या काकू ताट परत द्यायला आल्या. ताटात साखर होती आणि हातात ते पत्रक, तेल पिऊन आरपार दिसणारं.

"दोन्हीकडचे अक्षरं एकमेकांत दिसून राहिले," काकू म्हणाल्या. "तूच सांग ना. तू कावून जातो चर्चमंदी?"

पत्रकं वाटण्यात मी सगळ्यांच्या पुढे, पण पाठ केलेले मुद्दे ऐनवेळी पळाले.

"काकू, मी किती भांडखोर आहो, तुमाले माहीतच आहे. तरी येशू मले हाकलत नाही. माफ करून पुन्हा जवळ घेते. म्हणून जातो."

"भांडखोर तं तू आहेच बाप्पा!" काकू खळखळून हसल्या आणि आमच्याच ओट्यावर बसल्या. "हे समजलं मले. आता पुढचं सांग."