नवसाचा गुंड्या

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मी तिच्यावर रुसले होते. माझी भावजय ऐन तिशीत, चार दिवसांच्या तापाने गेली. भाऊ कसाऱ्याला कामाला, आठवड्यातून एकदा येणार. म्हणून त्यांच्या नऊ वर्षांच्या वेदूला मी टोकावड्याजवळच्या माझ्या घरी आणलं. पोर जेवायची, शाळेत जायची, सांगितलेलं काम करायची, पण बोलायची नाही. एक शब्दही नाही. डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही, मनाला लागलंय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शहरात अशा मुलांसाठी शिकवलेली कुत्री आणतात. जनावर प्रश्न विचारत नाही ना, त्याच्याजवळ मुलं मोकळी होतात." मला हसूच आलं. माणसांना जमेना ते कुत्रं काय करणार! मी सरळ गावदेवीपुढे गेले आणि नवस बोलले: पोरीला बोलती कर, चैत्रातल्या जत्रेला बोकड देईन.

नवसाचं जनावर घरीच वाढवायची आमच्याकडे रीत. एक काळंभोर करडू आणलं आणि त्याला पाला घालायचं काम वेदूला दिलं. ते कशासाठी आणलंय हे मात्र तिला सांगितलं नाही. माझं चुकलं ते इथेच. करडू महाउपद्व्यापी निघालं. केरसुणी खाल्ली, माझ्या पोथीचं पान खाल्लं, भिंतीवरच्या कॅलेंडरातला अख्खा श्रावण खाल्ला. वेदू त्याच्यामागे धावायची आणि तिच्या ओठांवर हसू फुटायचं. एका दुपारी दोरीवर तिच्या आईची साडी वाळत होती. ती उशाशी घेतल्याशिवाय पोर झोपत नसे. मी चुलीशी भाकरी थापत होते, तेवढ्यात परसातून कुणीतरी ओरडलं, "सोड रे गुंड्या! आयची साडी हाय ती!"

भाकरी तव्यावर करपली. मी दाराआड उभी राहिले. साडी सोडवून घेऊन, बोकडाच्या गळ्यात हात टाकून वेदू त्याला सांगत होती, "आयला दवाखान्यात नेली ना, तवा मी तिला बोलले, तुज्याशी कट्टी. मला सँडल नाय घेतली म्हणून. मंग ती आलीच नाय. आता मी कशाला बोलू कोनाशी?" गुंड्या पुन्हा साडीचं टोक चघळत ऐकत होता. इतके महिने हे ओझं त्या जिवाने एकटीने वाहिलं होतं. तोंडात पदर कोंबून मी रडले.

त्यानंतर ती त्याच्याशी भरभरून बोलायला लागली. माणूस दिसलं की मात्र पुन्हा गप्प. जत्रा जवळ आली तसा माझा जीव टांगणीला लागला. नवस फेडावा तर पोरीचा आधार जाणार, न फेडावा तर देवीचा कोप. शेजारणींनी भीती घातली ती वेगळीच. शेवटी जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मी वेदूला जवळ बसवून सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. उठली, गुंड्याचं दावं सोडून हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला देवळाकडे ओढत निघाली.

देवळात मी गुरवकाकांना म्हटलं, कौल लावा. बोकडच हवा की नारळ चालेल, ते देवीच सांगू दे. काकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. डावं पडलं तर बोकड, उजवं पडलं तर नारळ. मी डोळे मिटले. तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "देवी, मी बोलते. आत्याशी बोलेन, बाईंशी बोलेन, समद्यांशी बोलेन. गुंड्याला नको घेऊ. आनि घेतलास तर सांगून ठेवते, तो तुजी साडी खाईल!"

मी डोळे उघडले. वेदूने हात जोडले होते, त्यामुळे हातातलं दावं सुटलं होतं. गुंड्या पुढचे पाय चौथऱ्यावर टेकवून उभा होता आणि दोन्ही फुलं फस्त झाली होती.

"कौल त्यानंच खाल्ला गो बाय!" गुरवकाका पोट धरून हसायला लागले. "देवीच्या अंगावरचं फूल खाल्लं, म्हंजे त्याला परसाद मिलाला. आता त्याच्यावर सुरी कोन चालवंल? नारळ फोड नि पोरीला घरी ने."

तो देवीचा कौल होता की बोकडाची भूक, याचा खल मी कधी केला नाही. मी देवीशी सौदा करायला गेले होते. काय द्यायचं, कधी द्यायचं, सगळं मीच ठरवलेलं. तिने मात्र मी द्यायला आणलेलं जनावरच औषध म्हणून माझ्या परसात बांधून ठेवलं होतं. तिचे उपकार कशाने फेडणार?

आता दर मंगळवारी आम्ही दोघी देवळात जातो. मी काही मागत नाही, काही कबूल करत नाही, नुसती हात जोडून गप्प उभी राहते. बोलायचं काम वेदूकडे आहे, आणि ती इतकं बोलते की मागे रांग खोळंबते.